पाच किलो चकत्या

"वहिनी, रात्री गच्चीवर काय चाललं होतं वो? काळी टाक, लाल घे... बारा वाजेस्तोवर ऐकू यायलं होतं."

"काय सांगू अक्का! थोरला पुण्याहून आलाय न्हवं का. दिवाळीत घरातच पोकर मांडायचा म्हणायलाय, आणि त्यासाठी चकत्या बनवून घ्यायच्यात, आपल्या घरच्या छापाच्या."

"मोबाइलवर खेळायचा की तो."

"बंद झालं ते. २०२५ च्या ऑगस्टात सरकारनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तवापासनं गडी सतरंजीवर आला. बरंच झालं, नजरंसमोर तरी असतोय."

"पण चिंचोके काय वाईट होते? जन्मभर तीनपत्ती त्यांच्यावरच खेळलो आपण."

"त्याला कारण आमचे भाऊजी! कोजागिरीला हरता हरता एकदम श्रीमंत झाले. बघतो तर फडताळातल्या बरणीतले चिंचोके ह्यांच्या खिशात. थोरला म्हणतोय, गोव्यातले कॅसिनोवाले बी म्हणूनच आपापला छाप मारतात, बाहेरची चकती आत चालू नये म्हणून."

"लागतात किती?"

"आठ-दहा माणसांना पाचशे. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या असतात, वजन यावं म्हणून पोटात लोखंडाचा तुकडा. ह्यानं सिरॅमिकच्या धरल्यात, त्यांच्यावर पार काठापर्यंत चित्र छापता येतंय. एक दहा ग्रॅमची. म्हणजे पाच किलो झाल्या की वो! काळ्या थोड्या, पांढऱ्या-लाल मोप. नाहीतर दर डावाला सुट्ट्याची बोंब, एसटीतल्या कंडक्टरवाणी."

"आणि चित्रं?"

"शंभराची काळी, तिच्यावर उस्मानाबादी शेळी."

"काळ्यावर काळी शेळी? दिसायची कशी?"

"पांढऱ्या रेघांनी काढलीय. गाव २०२३ ला धाराशिव झालं, शेळी आपली उस्मानाबादीच राहिली! पंचवीसची हिरवी, तिच्यावर नळदुर्ग. एका अंगाला नर धबधबा, दुसऱ्या अंगाला मादी. पाचाच्या लालवर परंड्याची तोफ."

"मुलूखमैदान घाला म्हणावं. विजापूरवाले मिरवतात, पण आधी ती परंड्यालाच होती."

"तीच घातलीय. घोळ झाला पांढरीवर. तिच्यावर कवडी टाकणार होता, तर सासूबाई उखडल्या. म्हणाल्या, आईच्या गळ्यातली कवडी, आराध्यांच्या माळंतली, ती पत्त्यांत फेकता व्हय रे?"

"आता बघा, तुळजापुरात भारतीबुवांच्या मठात आई स्वतः सारीपाट खेळायला यायची म्हणतात. दान कशानं टाकत असंल ती?"

"हेच थोरला बोलला. तर म्हणाल्या, ती जगदंबा हाय, तू बारावीला दोनदा बसलेला. संपलं! आता पांढरीवर ज्वारीचं कणीस."

"कणीस चांगलंय की. आणि आकडे? शंभर रुपये असं लिहिणार का?"

"तिथं आमच्या ह्यांनी अडवलं. जन्म कोर्टात गेलेला माणूस! म्हणाले, रुपयाची खूण दिसली तर एक चकती उंबऱ्याच्या आत येणार नाही. जुगाराचा कायदा १८८७ चा, इंग्रज गेले तरी तो हाय तिथंच. मग थोरल्यानं आकडेच उडवले. नुसता रंग ओळखायचा. त्यात फायदा बी निघाला. आज पांढरी एकाची, उद्या मोठा डाव मांडला तर तीच दहाची धरता येती."

"मला तर हे लई पटलं. आकडा छापला की माणूस पत्त्यांपेक्षा चकत्यांकडंच बघत बसतंय. खर्च किती म्हणालात?"

"म्हणालेच नाही. आणि विचारू बी नका, सासूबाई ओसरीवरच हाईत."

"बरं, पेटी कुणाकडं राहणार?"

"माझ्याकडं, किल्लीसकट. मोजून देणार, मोजून घेणार."

"मग पाडव्याला मला बी बसवा. फकस्त भाऊजींच्या शेजारी नको."

"त्यांना समोर बसवणार हाय, अक्का. बिनखिशाच्या सदऱ्यात."