खारीचा वाटा

फिनलंड देशाच्या भूमीपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग अरण्याने व्यापलेला आहे, हे वाक्य भूगोलाच्या पुस्तकात वाचताना चित्तात ज्या गूढ, गंभीर आणि श्वापदसंकुल वनराजीचे चित्र उभे राहते, तिचा हेलसिंकीहून काजानीकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीशी फारसा संबंध नाही. खिडकीतून प्रथम पाइन दिसतो, मग स्प्रूस दिसतो, मग पांढऱ्या सालीचा भूर्ज दिसतो, आणि मध्यंतरी एखादे सरोवर आडवे आले नाही तर पुन्हा पाइन दिसतो. प्रभू रामचंद्रांच्या दंडकारण्यात निदान वृक्षांचे वैविध्य तरी होते. या तीनच वृक्षांच्या सहवासात चौदा वर्षे काढण्याची शिक्षा फर्मावली असती, तर प्रत्यक्ष कैकेयीलाही दुसऱ्याच वर्षी पाझर फुटला असता.

"काका, हे सगळं जंगल बरं का," असे पुतण्या दर अर्ध्या तासाने सांगत होता, आणि मीही दर अर्ध्या तासाने "वा!" म्हणत होतो. परंतु निवृत्तीपूर्वी तीस-पस्तीस वर्षे महसूल खात्यात काढलेल्या मनुष्याची दृष्टी निसर्गसौंदर्यावर फार काळ ठरत नाही. ती बांधाकडे आणि हद्दीकडे वळते. माझ्या असे ध्यानात आले की, एका खंडातील सर्व झाडे एकाच वयाची, त्यालगतच्या खंडातील सर्व कमरेएवढी, आणि त्यापुढच्या खंडात तर नुसती खोडकी, म्हणजे येथे झाडे होती एवढाच पुरावा शिल्लक. तात्पर्य, ज्याला आपण अरण्य समजून हात जोडणार होतो ते वस्तुतः पीक होते. ज्वारीला चार-पाच महिने लागतात आणि याला सत्तर-ऐंशी वर्षे, उत्तरेकडे तर शंभराहूनही अधिक, एवढाच काय तो भेद.

आणि पीक म्हटले की धनी आला. आपल्याकडे अरण्य म्हणजे सरकारचे, व सरकार म्हणजे वनखाते, अशी अगदी सुटसुटीत व्यवस्था असल्यामुळे, या देशात साठ टक्क्यांच्या आसपास अरण्य खाजगी कुटुंबांच्या मालकीचे असून अशा मालकांची संख्या सुमारे सहा लाख आहे, हे ऐकून मी थक्क झालो. ज्या देशाची सारी लोकसंख्या छप्पन्न लाखांच्या घरात, तेथे दंतवैद्य, टपालवाला, धर्मोपदेशक असा जो भेटेल तो वडिलोपार्जित रान बाळगून असायचा. काजानीपासून मोटारीने सुमारे शंभर किलोमीटर पूर्वेला, रशियाच्या हद्दीशी लगट करून वसलेल्या कुह्मो गावी ज्यांच्या लाकडी बंगलीत आम्ही उतरलो, ते आमचे यजमानही पेन्शनर शाळामास्तर असून आजोबांपासून चालत आलेल्या चाळीस हेक्टरांचे धनी होते. त्यांची कन्या औलूच्या विद्यापीठात जीवशास्त्राचा अभ्यास करीत होती. एका छपराखाली वनमालक आणि जीवशास्त्रज्ञ नांदत असल्यामुळे, या देशात गेली कित्येक दशके चाललेला अरण्यविषयक वाद ऐकण्यासाठी मला कोठे लांब जावे लागले नाही.

फिनिश मनुष्याचे भांडण ही स्वतंत्रपणे पाहण्याजोगी गोष्ट आहे. आपल्याकडे इतक्या मूलगामी मतभेदाला किमान दोन परिषदा, एक फुटीर परिषद आणि वृत्तपत्रांतील पत्रव्यवहाराचा एक हंगाम लागला असता; येथे पिता आणि कन्या खिडकीबाहेर पाहत, आवाज तिळभरही न चढवता, दर वाक्यामागे कॉफीचा एक पेला रिचवीत होती. दोन वाक्यांमधील अंतर कधी कधी इतके वाढे की, वाद मिटला अशा समजुतीने मी हवापाण्याचा विषय काढावा आणि नेमका त्याच क्षणी प्रतिपक्षाचा मुद्दा यावा.

त्या वादाची हकिकत थोडक्यात अशी. पूर्वी या मुलखात रानातून मोठी मोठी झाडे निवडून तोडीत आणि बाकीची वाढू देत. 1948 साली देशातील मातबर वनशास्त्रज्ञांनी या निवडक तोडीविरुद्ध एक जाहीरनामा काढला: हिच्यामुळे रान निकृष्ट होत चालले आहे, तेव्हा एकदाच सगळे साफ करावे, जमीन नांगरावी, नवी लागवड करावी. युद्धात होरपळलेल्या देशाला लाकूड आणि कागद विकूनच पुन्हा उभे राहायचे होते. जाहीरनामा हळूहळू शिरस्ता झाला, शिरस्ता कायदा झाला, आणि एखाद्या मालकाला आपल्या आजोबांच्या पद्धतीने रान राखावेसे वाटले, तर स्वतःच्याच झाडांबद्दल त्याने स्वतः गुन्हेगार ठरावे, अशी पाळी आली. ती मोकळीक परत मिळायला 2014 चा कायदा उजाडावा लागला. मधल्या सहा-साडेसहा दशकांत झाडांची एक पिढी तयार झाली होती, आणि मतांच्याही दोन.

"माझ्या वडिलांनी सरकारने सांगितले म्हणून सगळे तोडले," यजमान म्हणाले. पेला भरला. "आता तेच सरकार म्हणते, थोडे ठेवा."

"बाबा, आता तर मेलेली झाडेसुद्धा कारखान्यात बनवल्यासारखी बनवावी लागतात," कन्या म्हणाली.

हे मला आलंकारिक वाटले. परंतु दुसऱ्या दिवशी तिने ते मला प्रत्यक्ष दाखवले. तोडणीचे यंत्र, ज्याच्या काचबंद खोलीत बसून एकच मनुष्य मिनिटभरात उभे झाड पाडून, त्याच्या फांद्या सोलून, ओंडके मापात कापून मोकळा होतो, तेच यंत्र मध्येच एखादे खोड जमिनीपासून तीन-चार मीटर उंचीवर तोडून तसेच उभे ठेवते. कारण असे की, या अरण्यातील कितीतरी कवके, भुंगेरे आणि पक्षी मेलेल्या, कुजणाऱ्या लाकडावर जगतात, आणि पीक म्हणून राखलेल्या रानात झाडाला म्हातारे होऊन मरण्याची फुरसतच मिळत नाही. सबब, मरण्यासाठी काही झाडांची रीतसर नेमणूक करण्यात येते. नेमणुकीच्या त्या ठिकाणी एक सुतारपक्षी तपासणीस आला होता. त्याने दोन ठोके मारून पाहिले आणि शेरा न मारताच तो निघून गेला.

कन्येच्या भात्यात याहून तीक्ष्ण बाण होता. शेजारच्या सुओमुस्साल्मी तालुक्यात, हुक्कायोकी नावाच्या ओढ्यात गोड्या पाण्यातले मोतीशिंपले आहेत. हा जीव शंभराहून अधिक वर्षे जगतो आणि त्याला कायद्याचे संपूर्ण संरक्षण आहे. 2024 च्या उन्हाळ्यात लाकूड वाहणारी यंत्रे त्या ओढ्यातूनच ये-जा करीत राहिली आणि शिंपले हजारोंच्या संख्येने चिरडले गेले. हे सांगताना तिने कॉफी घेतली नाही. यजमानही बराच वेळ गप्प होते, आणि या वेळी त्या गप्प राहण्यात प्रतिपक्षाचा मुद्दा नव्हता.

तथापि त्या घरातील खरा कज्जा एका खारीवरून पेटलेला होता. यजमानांच्या मालकीत जुन्या स्प्रूसचा आणि ॲस्पेनचा एक तुकडा उरला होता. तो विकून बंगलीचे छप्पर नवे करावे असा त्यांचा बेत. एप्रिलात, बर्फ वितळू लागून गवत वर येण्यापूर्वीच्या मुहूर्तावर, कन्येने त्या तुकड्यातील झाडांच्या बुंध्याशी गुडघे टेकून पंचनामा केला, आणि आंबेमोहोर तांदळाच्या दाण्याएवढ्या, पिवळसर लेंड्या हस्तगत केल्या. या लेंड्या उडत्या खारीच्या. ही करड्या रंगाची, काळ्याभोर टपोऱ्या डोळ्यांची निशाचर खार सुतारपक्ष्याने सोडून दिलेल्या ढोलीत राहते आणि अंगाचे कातडे पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाते. युरोपीय संघाच्या कायद्यान्वये तिचे विणीचे आणि विश्रांतीचे ठिकाण नष्ट करण्याची कोणासही मुभा नाही; त्यामुळे या देशात रस्त्यांचे, वसाहतींचे, मोठमोठ्या नगररचनेचे नकाशे त्या लेंड्यांपुढे मान तुकवून वळण घेतात. आमच्या भीमाशंकरच्या शेकरूला राज्यप्राण्याचा मान आहे खरा. परंतु लेंडीच्या बळावर मिळकतीचा दावा जिंकल्याचे त्याच्याबाबत ऐकिवात नाही.

"ती खार दिसते कशी हो?" मी यजमानांना विचारले.

"मी सत्तर वर्षे इथे आहे," ते म्हणाले. "कधी पाहिली नाही."

कन्येनेही प्रत्यक्ष पाहिली नव्हती. माझ्या संबंध नोकरीत मी अनेक बेपत्ता कुळे पाहिली. परंतु जिला कोणी कधी पाहिले नाही, जी दप्तरात सही करीत नाही आणि सारा भरीत नाही, अशा कुळाची वहिवाट इतकी मजबूत असलेली मी प्रथमच पाहत होतो. शेवटी तडजोड अशी निघाली की, 2008 पासून या देशात एक योजना चालू आहे, तिच्याखाली मालक आपखुशीने जुने रान कायमचे अथवा दहा वर्षांच्या मुदतीने राखून ठेवतो आणि सरकार त्याला मोबदला देते. त्या उरलेल्या तुकड्यासाठी तशी दरखास्त करावी. "झाड न तोडण्याचे पैसे," यजमान खिन्नपणे म्हणाले, "वडिलांना हे सांगितले असते, तर त्यांनी मला डॉक्टरकडे नेले असते." दरखास्त मंजूर झाली तर छप्पर होणार होते. सेतू बांधताना वाळूचे चार कण वाहून नेणाऱ्या खारीचे आपण युगानुयुगे कौतुक करतो; येथली खार नुसते पोट साफ करून अखंड छप्पर उभारून देण्याच्या बेतात होती.

वहिवाटीचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगितले पाहिजे की, मालकीबद्दल इतके दक्ष असणाऱ्या या लोकांच्या रानात कोणीही यावे, हिंडावे, रात्रीपुरता तंबू ठोकावा आणि पोटभर ब्ल्यूबेरी तोडाव्यात, याला धन्याची परवानगी लागत नाही. झाड तोडता येत नाही, शेवाळ खरवडता येत नाही, विस्तव पेटवायचा तर मालकाला विचारावे लागते; पण फळ सर्वांचे. मी यजमानांच्याच रानात, यजमानांच्याच देखत, त्यांना न विचारता बेरी खाल्ल्या आणि अर्धे आयुष्य अतिक्रमणे हटवण्यात घालवल्यानंतर प्रथमच अतिक्रमणाचा कायदेशीर आनंद घेतला.

अस्वल पाहण्याचा कार्यक्रम हा पुतण्याचा हट्ट. ताडोब्यात आपण उघड्या जिप्सीत बसतो, गाइड ओरडतो, दहा जिप्स्या धुरळा उडवीत एकाच वळणावर गर्दी करतात आणि वाघ, आला तर, आपल्या मर्जीने येतो. येथे व्यवस्था उलटी आहे. मनुष्याला सायंकाळी पाचाच्या सुमारास एका लाकडी खोपटात कोंडतात, सकाळी सोडवायला येतात, आणि अस्वल मोकळे असते. खोपटात झोपण्याच्या फळ्या, खिडकीखाली कॅमेऱ्याची भोके आणि कोपऱ्यात पडद्याआड एक बादली, एवढा सरंजाम. अत्तर लावू नये, बोलू नये, बाहेर पडू नये, हे नियम गाइडाने पाच-सहा शब्दांत सांगितले, समोरच्या दलदलीत खडकांखाली सामनचे तुकडे आणि कुत्र्यांचे खाद्य पेरले आणि तो निघून गेला.

आमच्यासोबत एक जर्मन दांपत्य होते. त्यांच्या भिंगाची लांबी पाहता अस्वल हेलसिंकीत असते तरी चालले असते. जुलै संपत आला होता, त्यामुळे रात्र होती ती घड्याळात; बाहेर एक करडा उजेड तसाच रेंगाळत राहिला. डास मात्र खोपटातले नियम न वाचता आत आले होते. नवाच्या सुमारास भूक लागली, आणि सूनबाईने प्रेमाने बांधून दिलेल्या चकल्यांची पिशवी मी उघडली. ती पिशवी त्या शांततेत जी वाजली, तिच्याने जर्मन बाईंच्या चेहऱ्यावर दोन्ही महायुद्धे उमटून गेली. चकली आवाज न करता खाण्याचा एकच मार्ग आहे: ती अखंड मुखात ठेवायची आणि आपण होऊन शरण येईपर्यंत थांबायचे. तिसरी चकली शरण येत असतानाच अस्वल आले.

प्रथम कावळे उडाले. मग ज्या जागी नुसते गवत होते, तेथे अस्वल होते. एवढे अवाढव्य जनावर पाऊल न वाजवता येते, हे पाहिल्यावर आपल्या चकलीची लाज वाटते. पाठोपाठ दोन पिल्ले आली. आईने खडक हलक्या हाताने बाजूला सारला, सामन काढला, आणि ती तिघे जेवू लागली. भिंगे खडखडू लागली. हे दृश्य नैसर्गिक आहे की मेजवानी, याबद्दलही या देशात वाद आहे: आयत्या अन्नाने जनावर माणसाला सोकावते, असे एक पक्ष म्हणतो, जिवंत अस्वल गावाला मेलेल्यापेक्षा अधिक उत्पन्न देते, असे दुसरा म्हणतो. यजमानांचे मत मला मोटारीतच कळले होते. "ते पोटासाठी येते," ते म्हणाले होते. "मीही शाळेत पोटासाठीच जात होतो."

जेवणानंतर अस्वल पूर्वेकडे, म्हणजे रशियाकडे, गेले. 1340 किलोमीटर लांबीच्या या सरहद्दीवरील रस्ते 2023 च्या अखेरीपासून माणसांना बंद झाले आणि निवडक ठिकाणी कुंपणही बांधले जाऊ लागले. अस्वलाच्या वाटेत अद्याप कोणी दप्तर उघडून बसलेले नव्हते. तिकडे गेलेले अस्वल इकडे कधी परतावे याचा मात्र विचार त्याने करायला हवा, कारण 20 ऑगस्टला येथे शिकारीचा हंगाम सुरू होतो. तेव्हा रानात येणाऱ्या सगळ्यांच्याच हाती भिंग असते असे नाही.

सकाळी गाइडाने दार उघडले, रिकामी बादली घेऊन खडक तपासले, आणि समाधानाने मान हलवून आम्हांला तळावर न्याहारीला नेले. टेबलावर काळा पाव, लोणी, कॉफी आणि एका थाळीत गुलाबी सामनचे तुकडे मांडले होते. पुतण्याने हात आखडला. मीही विचारात पडलो, आणि शेवटी गाइडाला शक्य तितक्या सभ्य शब्दांत विचारले की, हा मासा आणि रात्रीचा मासा यांचे काही नाते आहे काय.

गाइडाने कॉफी संपवली, पेला खाली ठेवला, प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला, आणि म्हणाला,

"बादली वेगळी."