बारा खणांचा काळ

मराठी मनुष्याला इंग्रजी नामांचे भय कधीच वाटले नाही. टेबल, स्टेशन, पोस्ट, कलेक्टर ही मंडळी आली आणि पाहता पाहता घरचीच होऊन गेली; विशेषणांशीही, ती स्वभावतः स्थिर असल्यामुळे, आमचे बरे जमले; परंतु इंग्रजी क्रियापदाने मात्र आम्हांस पिढ्यान्पिढ्या सुखाची झोप लागू दिली नाही. कारण हे क्रियापद नुसती क्रिया सांगून थांबत नाही. ती क्रिया केव्हा घडली, घडली असल्यास संपली किंवा कसे, आणि संपली असल्यास तिचा काही अंश आजमितीस शिल्लक आहे काय, या सर्व बाबींची जबानी दिल्यावाचून ते वक्त्याच्या तोंडातून बाहेर पडण्यास साफ इन्कार करते.

आणि काळाच्या बाबतीत आम्ही तर जन्मतःच उदार. पाने वाढून झाली, जिन्याखालून हाक गेली, आणि माडीवरून 'आलो, आलो!' असा उत्साही प्रतिसाद आला, म्हणजे तो देणाऱ्या गृहस्थाने अद्याप हातातील वर्तमानपत्राची घडीसुद्धा केलेली नाही, हे घरातले शेंबडे पोरही जाणते. न घडलेल्या आगमनास बेलाशक भूतकाळ लावणारा हाच गृहस्थ दुसऱ्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणतो, विळीवर बोट कापले की 'मेलो' म्हणून टाहो फोडतो, आणि त्यानंतर नातवंडांची लग्ने पाहतो. यात असत्य कोणीच बोलत नाही. आमचा भूतकाळ पुष्कळदा घड्याळाचा नसतो, निश्चयाचा असतो. आणि निश्चय एकदा झाला म्हणजे प्रत्यक्ष कृतीची एवढी घाई कशाला, असा त्यामागे प्राचीन व समंजस विचार आहे.

अशा मोकळ्या हवेत वाढलेल्या मुलांसमोर आमच्या वेळी पाचवीत इंग्रजी येऊन उभी राहत असे. (२००० सालापासून ती महाराष्ट्रात पहिलीतच दाराशी येते, मुलांना तेवढी चार वर्षे अधिक मिळाली, इंग्रजीला किती मिळाली ते काळच ठरवील.) वरच्या वर्गात गेल्यावर मास्तर एके दिवशी डस्टरची कड फळ्याला लावून उभ्या-आडव्या रेघा ओढीत, आणि वर्तमान, भूत, भविष्य असे तीन रकाने व साधा, चालू, पूर्ण, चालू-पूर्ण अशा चार ओळी मिळून बारा खणांचे ते सुप्रसिद्ध कोष्टक सिद्ध होई. त्यांच्या काळ्या कोटाच्या कोपरावर खडूचे पांढरे ठिगळ उमटलेले असे. प्रत्येक खणात ते 'टु राइट' हे एकच क्रियापद नव्या वेषात आणून बसवीत, आणि शेवटच्या, बाराव्या खणाशी आल्यावर 'आय शॅल हॅव बीन राइटिंग' हे वाक्य लिहिता लिहिता फळा संपून उरलेली अक्षरे लाकडी चौकटीवर चढत. अक्ख्या तालुक्यात हे वाक्य उच्चारण्याचा प्रसंग आजवर कोणावर गुदरला असेल, असा प्रश्न आमच्या मनात येई. तो विचारण्याचे धैर्य मात्र होत नसे.

'गो, वेंट, गॉन' हा मंत्र आम्ही पावकी-निमकीच्या चालीवर म्हणत असू, आणि 'गो'चा 'वेंट' कसा झाला असे विचारणाऱ्यास छडी मिळे. पुढे कळले की तो झालेला नाहीच. 'वेंट' हे 'वेंड' नामक दुसऱ्याच क्रियापदाचे रूप असून 'गो'ने आपला भूतकाळ हरवल्यावर ते दत्तक घेतले. परंतु हसण्याचा अधिकार आम्हांलाही नाही. आमचा 'जातो' संस्कृतातील 'या' धातूपासून आला आणि 'गेलो' हा 'गम्'च्या घराण्यातला. जाणाऱ्याचा भूतकाळ दोन्ही देशांत परक्याचाच निघावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

त्या काळी 'रेन अँड मार्टिन' हे व्याकरण वर्गात स्मृतिग्रंथासारखे प्रमाण मानले जाई. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते, आणि १९२४ साली त्यांनी 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहून फ्रेंच परदेशी पलटणीतील शिपायांना सहाराच्या वाळवंटात तहानेने व गोळ्यांनी हैराण केले, ही गोष्ट आम्हांला कोणी सांगितली असती तर त्यांच्या स्वाध्यायांकडे आम्ही अधिक सहानुभूतीने पाहिले असते. मनुष्याची हौस कोणत्या दिशेची होती ते तेव्हाच ध्यानात आले असते.

'शॅल' आणि 'विल' यांचा दावा याहून जुना. 'मी' आणि 'आम्ही' यांच्यासमवेत 'शॅल' हे साधे भाकीत व 'विल' हा निर्धार, आणि इतरांच्या बाबतीत नेमके उलट, हा दंडक घालून दिला जॉन वॉलिस या गणितज्ञाने, १६५३ साली, इंग्रजी भाषेच्या व्याकरणात. आणि ते व्याकरण त्याने लिहिले लॅटिनमध्ये. याच पुरुषाने दोन वर्षांनी आडव्या आठाचे अनंतचिन्ह गणितात रूढ केले. शॅल-विलच्या वादास अंत नाही हे त्याला आधीच उमगले असावे.

तथापि खरा चकवा आहे तो वर्तमान-पूर्ण काळाचा. 'मी त्याला काल पाहिले आहे' हे मराठीत निर्दोष. तेच 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' म्हणून सादर केले की लाल शाई सांडते. या काळाचे मर्म व्याकरणाच्या व्याख्येपेक्षा सावकाराच्या खतावणीत लौकर सापडते: व्यवहार जुना असतो, परंतु बाकी आज निघते, आणि एकदा तारीख घालून खाते चुकते केले की त्या पानावर पुन्हा बाकी दाखवण्याची मुभा नसते. 'आय हॅव लॉस्ट माय अम्ब्रेला' असे म्हणणारा मनुष्य या क्षणी भिजतो आहे. 'आय लॉस्ट माय अम्ब्रेला' म्हणणाऱ्याची छत्री कदाचित त्याच संध्याकाळी सापडलीही असेल. अमेरिकन लोक पुष्कळदा साध्या भूतकाळावर भागवतात, पण तो त्यांचा प्रश्न.

इंग्रजांच्या या काटेकोरपणाने दिपून जाण्याचेही कारण नाही. पाणिनीने भूतकाळाचे आजचा, आजचा नसलेला आणि डोळ्यांआडचा असे भेद केव्हाच करून ठेवले होते. डोळ्यांआड घडलेल्या गोष्टींसाठी जो 'लिट्' लकार आहे, तो उत्तम पुरुषी कसा वापरावा, स्वतःचीच कृती स्वतःच्या परोक्ष कशी घडेल, अशी शंका निघाली. तेव्हा टीकाकारांनी शांतपणे उत्तर दिले की वक्ता झोपेत अथवा मद्याच्या अमलात असल्यास घडेल. पतंजलीने तर याच प्रकरणात शाकटायन नामक वैयाकरणाची हकिकत सांगितली आहे की हा गृहस्थ हमरस्त्यावर बसला असताना समोरून गाड्यांचा तांडाच्या तांडा गेला तरी त्याला पत्ता लागला नाही. वर्तमानकाळाचा अभ्यासक वर्तमानकाळाशी कसा वागतो याचे याहून प्रामाणिक वर्णन माझ्या वाचनात नाही.

आमच्या मराठी भूतकाळातही एक खोच आहे, आणि ती इंग्रजाच्या बापजन्मी ध्यानात यायची नाही. 'मी आंबा खातो' म्हणताना सत्ता माझी असते. खाऊन झाले की आंबा 'खाल्ला', चिंच 'खाल्ली', केळे 'खाल्ले' असे ज्याला खाल्ले त्याचे लिंग क्रियापद पाहते, आणि खाणारा कोपऱ्यात उभा राहतो. इंग्रजीत आंबा खावो की चिंच, 'आय एट' म्हणणाऱ्याचा तोरा तसाच राहतो. काम उरकल्यावर कर्त्यास कोणी पुसत नाही, हे आमच्या व्याकरणाने सरकारी नोकरीत न शिरताच ओळखले.

चालू काळावर आमची भक्ती विशेष. 'आय अ‍ॅम नोइंग', 'शी इज हॅविंग टू ब्रदर्स' अशा वाक्यांत ज्ञान आणि बंधू दोन्ही अखंड चालू राहतात. मुंबईचे कवी निस्सीम इझिकेल यांनी मिस पुष्पा यांच्या निरोपसमारंभावरील कवितेत हा प्रकार कायमचा टिपून ठेवला आहे. तिथे मी अधिक लिहिणे हे औद्धत्य होईल.

राहता राहिला तो बारावा खण. त्याचा उपयोग मला वर्गात कळला नाही, तो दिवाणी न्यायालयाच्या व्हरांड्यात कळला. आमच्या भाऊबंदांपैकी एकाचा बांधावरचा दावा आहे. तो आजोबांनी लावला, वडिलांनी चालवला, आणि आता नातू तारखांना जातो. त्याच्यासोबत मी एकदा बाकावर बसलो असता, 'येत्या पाडव्याला हा दावा चालत असल्याला इतकी वर्षे झालेली असतील' असे तो बोटे मोजीत म्हणाला, आणि मी दचकलो: भविष्य, पूर्ण आणि चालू, तिन्ही एका वाक्यात नांदत होते. ज्या काळास आम्ही निरुपयोगी म्हणून हिणवले, तो वस्तुतः फेरफार, वारसनोंदी व अपिले यांच्यासाठीच निर्माण झाला होता.

या शोधाचा आनंद मला फार काळ लाभला नाही. रँडॉल्फ क्वर्क व त्यांचे तीन सहकारी यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या पावणेदोन हजार पानी इंग्रजी व्याकरणात मला असे आढळले की, रूपांचा विचार करता इंग्रजीत काळ दोनच, वर्तमान आणि भूत. भविष्यकाळ म्हणून स्वतंत्र काळ त्या भाषेत नाहीच. बारा खणांसाठी छड्या खाल्लेल्या पिढीने ही दाद कोणाकडे मागावी? पुढल्या तारखेस मी ही वार्ता मोठ्या तावातावाने भाऊबंदाच्या वकीलसाहेबांच्या कानी घातली. त्यांनी कागदांतून मान वर न करता विचारले, "छापील आहे?"

"आहे."

"मग त्या पानाची नक्कल आणून द्या, काका. तहकुबीच्या अर्जाला जोडतो."