चाळीस माणसं आणि एक कोलंबी

निवृत्त माणसाला सगळे जण चालायला सांगतात. सांगणारे बहुधा केबिन रोडवर राहत नसावेत. संध्याकाळी इथे रिक्षा, भाजीच्या गाड्या, दुकानांबाहेर आलेला माल आणि भाईंदर स्टेशनातून सुटलेली गर्दी यांतून वाट काढणं हा व्यायाम खराच, पण डॉक्टरांच्या मनातला नव्हे. माझा पुण्याचा भाचा निराळं बोलला. ‘मामा, तू बसूनच राहणार असशील, तर निदान चार माणसांत बस. ऑनलाइन खेळ.’

त्याच्या मनात लुडो नव्हता. हजारो माणसं एकाच कल्पित जगात वावरतात, प्रत्येकाने काही ना काही सोंग घेतलेलं असतं आणि तुम्ही झोपलात तरी ते जग चालूच राहतं, त्या जातीचा खेळ. त्यातला पहिला जपून निवडावा लागतो म्हणे. तो नाही जमला की माणूस पुन्हा त्या वाटेला फिरकत नाही.

आणि निवड खेळापासून नव्हे, स्वतःपासून सुरू करायची. 1978 साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी ‘मड’ नावाचं असं पहिलं जग उभं केलं. त्यात चित्र नावाला नव्हतं, नुसता मजकूर. पुढे 1996 मध्ये बार्टलने खेळणाऱ्यांच्या चार जाती सांगितल्या आणि त्यांना चक्क पत्त्यांचे रंग वाटून दिले. चौकटवाले धन आणि गुण जमवतात. इस्पिकवाले कानाकोपरा उकरतात. बदामवाले गप्पांसाठी येतात. किलवरवाल्यांना दुसऱ्याच्या डोक्यात सोटा घालण्यातच गोडी.

हे वाचून मला बार्टल एकदम घरचा वाटला. चर्चगेटच्या लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून आयुष्यभर पत्ते कुटले, त्या डब्यात हे चारही रंग रोज भेटत. गुण वहीत लिहून ठेवणारा एक होता. कुठल्या स्टेशनात कुठला जिना जवळ पडतो, ते पाठ असलेला दुसरा. आणि किलवर पाहायचे तर विरार लोकलच्या दारात उभे असत, भाईंदरच्या माणसाला चढू न देण्याच्या पवित्र कार्यात. मी कोण, याचा विचार करावा लागला नाही. मी हातातले पत्ते विसरून बोलत बसायचो. भिडूच्या शिव्या त्यासाठीच खाल्ल्या.

बदाम ठरलो म्हणून भाच्याने आधी सगळ्यात मोठी जत्रा दाखवली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ 2004 सालचा. सुरुवातीच्या काळात त्यातल्या मोठ्या मोहिमांना चाळीस जण लागत. चाळीस जणांनी ठरल्या वेळी जमायचं, काही तास एका राक्षसाशी झुंजायचं आणि मधे कोणी उठायचं नाही, कारण या जगाला थांबवायचं बटणच नसतं. इथे माझी गाडी अडली. आमच्या घराची बेल इस्त्रीवाला, कुरिअर, गॅसवाला आणि सह्यांचं रजिस्टर घेऊन येणारा वॉचमन यांच्यात वाटलेली आहे. मी सिलिंडरचं सील तपासत असताना देशोदेशीची एकोणचाळीस माणसं अग्निकुंडात ताटकळणार, हे मनाला पटेना. त्यात दरमहा पंधरा डॉलर. ‘म्हणजे आता तुम्ही त्यांना पगार देणार?’ हिने विचारलं.

‘ईव्ह ऑनलाइन’ हा आइसलँडच्या कंपनीचा. नुसतं अंतराळ, खाणी, व्यापार, कर्ज, दगे. त्यातले व्यवहार इतके खरे की 2007 मध्ये कंपनीने पगारी अर्थशास्त्रज्ञ ठेवला. खेळणारे स्वतःच त्याला गमतीने ‘अंतराळातली स्प्रेडशीट’ म्हणतात. बँकेत जन्म काढलेल्या माणसाने हे आता फुकटात करावं, तेही यानात बसून? नको.

‘फायनल फँटसी 14’ने मात्र मला खरोखर हलवलं. 2010 मध्ये आला तेव्हा तो इतका फसला, की कंपनीने 2012 मध्ये कथेतलाच एक चंद्र पाडून ते अख्खं जग नष्ट केलं आणि नऊ-दहा महिन्यांत त्याच जागी नवं उघडलं. जुन्या मंडळींना आपापली पात्रं परत मिळाली. भाईंदरमध्ये राहणाऱ्याला याचं मोल सांगायला नको. आमच्या इमारतीचा पुनर्विकास सोसायटीच्या सभेत बरीच वर्षं चालू आहे. चंद्र पाडायची तयारी असलेला बिल्डर अजून भेटलेला नाही.

पण तिथेही हातघाई आहेच, आणि तिला चपळ इंटरनेट लागतं. आता परदेशाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबली वर्सोव्याला जमिनीवर चढतात, म्हणजे आमच्या लाइनीतच, याचा मला अभिमान वाटला होता. भाच्याने तो टिकू दिला नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर पळतो, तरी युरोपातल्या सर्व्हरला शिवून परत यायला त्यालाही सेकंदाचा दहावा हिस्सा सहज लागतो. राक्षसाने हात उगारलेला मला दिसेपर्यंत मी मेलेलो असतो. त्यात माझा लॅपटॉप सुरू व्हायलाच चहा उकळायचा वेळ घेतो.

शेवटी ‘रूनस्केप’ ठरला. गोवर बंधूंनी 2001 मध्ये ब्राउझरमध्ये चालेल असा बांधलेला. त्याचं जुनं रूप 2013 पासून वेगळं मिळतं आणि 2018 पासून मोबाइलवरही. चित्रं ठोकळ्यांची, काही भाग फुकट, आणि मुख्य म्हणजे त्यात लाकूड तोडत, मासे पकडत राहता येतं. एक क्लिक करावं आणि मटार सोलावेत. पहिल्या बेटावर लहान जाळ्याने कोलंबी पकडायला, लाकडं पेटवायला आणि ती भाजायला शिकवतात. ही मागे उभी राहून बघत होती.

‘न सोलता? धागा न काढता?’

‘तशीच भाजतात.’

‘मीठ-हळद?’

‘नाही.’

‘मग राक्षस कशाला हवेत?’

हल्ली मी एका नदीकाठी ट्राउट पकडतो. तिथे शेजारी कायम जळती शेकोटी असते, म्हणून बरेच जण तिथेच जमतात. कोणी ब्राझीलचा, कोणी पोलंडचा, कोणी रात्रपाळीतला. बोलायचं तर बोलावं, नाहीतर गळ टाकावा. पातळी वाढली का, हे भाचा फोनवर विचारतो तेव्हाच मी बघतो. पुढचा बेत कुप्याचा आहे. त्याला मासेमारीत पस्तिसावी पातळी लागते, आणि पलीकडच्या बेटावर जायला बोटीला तीस नाणी. तेवढी जमवतोय, असं हिला सांगितलं.

‘आपल्या जेट्टीवरून वसईला रो-रो जाते,’ ती म्हणाली. ‘पिशवी दाराला टांगलेली आहे. येताना बर्फ घालून आणा.’