बिनपुस्तकाचा विषय

भेदभाव हा विषय महाराष्ट्रातील बालकांना साधारण अंगणवाडीच्या वयापासून शिकवला जातो. बालभारतीने त्याचे पुस्तक काढलेले नाही, घटक चाचणी नाही, तोंडी परीक्षा नाही. तरीही निकाल वर्षानुवर्षे उत्तम लागतो. गणितात काठावर पास होण्यासाठी ज्यांना शिकवणी लावावी लागते, ती मुलेही या विषयात विशेष प्रावीण्य मिळवतात. श्रेय घराचे. शाळा पुढे त्याच पायावर मजले चढवते.

पहिला धडा बहुधा स्वयंपाकघरात होतो. ओट्याखाली कोपऱ्यात एक कप असतो, बहुतेक वेळा कान तुटलेला. तो मावशींचा. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना मावशी म्हणायचे, हा शिष्टाचार मुलाला आधीच शिकवलेला असतो. घरातल्या साऱ्या कपबशा मावशी घासतात, विसळतात, पालथ्या घालतात आणि त्यांच्या हातून स्वच्छ झालेल्या कपातून घरदार चहा पिते. त्याच कपातून मावशींनी चहा प्यायला की मात्र तो बाटतो. हे रसायनशास्त्र चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात शिरत नाही. तो विचारतो, "मावशींचा कप वेगळा का?" यावरचे प्रमाण उत्तर "असं विचारू नये" असे आहे. काही घरांत "मोठा झालास की कळेल" असा पाठभेद आढळतो. मोठा झाल्यावर कळत काहीच नाही, सवय होते. आणि तोवर प्रश्नही विसरलेला असतो.

दुसरा धडा व्याकरणाचा. ‘आपण’ म्हटले की ऐकणाराही त्यात येतो आणि ‘आम्ही’ म्हटले की तो वगळला जातो, अशी सोय मराठीत आहे. घरगुती व्याकरण याच्याही पुढे गेले आहे. "आपल्यात असलं चालत नाही", "त्यांच्यात चालतं", "मुलगी हुशार आहे हो, त्यांच्यातली वाटतच नाही". जातीचे नाव एकदाही न उच्चारता अख्खी जातव्यवस्था दोन सर्वनामांत बसवणे पाणिनीलाही जमले नसते. वाचनाचा सराव वर्तमानपत्रातून होतो. विवाहविषयक जाहिरातीत ‘जातीची अट नाही’ असे छापलेले असते आणि त्याला खेटूनच ‘एससी, एसटी क्षमस्व’. क्षमस्व हा भारदस्त संस्कृत शब्द कित्येक मुलांना प्रथम तिथेच भेटतो. अट नाहीच, फक्त माफी मागितलेली आहे.

तिसरे साधन आडनाव. नव्या मित्राची चौकशी "नाव काय रे तुझं?" इथे थांबत नाही. "पूर्ण नाव?" हा पुढचा प्रश्न असतो. जाधव, मोरे, गायकवाड अशी अनेक जातींत आढळणारी आडनावे निघाली तर मोजमाप अडते, अशा वेळी "मूळचे कुठले तुम्ही?" आणि "कुलदैवत कोणतं?" ही पूरक उपकरणे वापरतात. उत्तर मिळेपर्यंत बिस्किटांची बशी हातातच राहते.

या मोजमापाची सविस्तर नोंद खुद्द डॉ. आंबेडकरांनी करून ठेवली आहे. 1901 साली, वयाच्या सुमारे नवव्या वर्षी, ते घरातल्या इतर मुलांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. अंगावर नवे, नीटस कपडे होते. मुलांना न्यायला कोणी आले नाही, म्हणून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने विचारपूस केली. आपण महार आहोत, असे मुलाने सरळ सांगून टाकले. स्टेशनमास्तरांचा चेहरा क्षणात पालटला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. अखेर बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाड्यात आणि या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची. गाडीवान बाजूने पायी चालणार. शिदोरी भरपूर होती, पण वाटेत पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले उपाशीच झोपली. वेगळे बसणे, वेगळे पाणी हे त्या मुलाला शाळेमुळे ठाऊक होते; या प्रवासाने मनाला जो हादरा दिला, तो मात्र त्यांच्या आठवणीत कायमचा राहिला. सव्वाशे वर्षांत बैलगाडी गेली. चेहरा पालटण्याच्या तंत्रात विशेष सुधारणा झालेली दिसत नाही.

सातारच्या शाळेत त्याच मुलाला बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे आणि शिपायाने नळ सोडला नाही तर तहानलेलेच राहावे लागे. त्या शाळेतला त्यांचा प्रवेशदिन, 7 नोव्हेंबर, राज्यात 2017 पासून विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. वक्तृत्व स्पर्धा होते, विषय समतेचा असतो, प्रमुख पाहुणे उशिरा येतात. गोणपाटाचा प्रसंग सांगताना आवाज कुठे कापरा करायचा, हे स्पर्धकाला शिकवलेले असते. पहिले बक्षीस स्टीलचा डबा.

पुढच्याच आठवड्यात त्या वर्गात परिपत्रक येते. शिक्षक हजेरीपटावरून मान वर न करता म्हणतात, "चला, स्कॉलरशिपवाले, हात वर करा. जातीचा दाखला कोणाकोणाचा यायचाय?" पाच-सहा हात वर होतात. एकीचे कोपर बाकावरून सुटत नाही. नुसती बोटे वर येतात आणि नजर कंपासपेटीवर खिळते. मागच्या बाकावरून आवाज येतो, "सरकारचे जावई!" वर्ग हसतो, शिक्षकही मिशीतल्या मिशीत हसतात, कारण विनोद जुना असला तरी घरी शिकवलेला असतो. एका मिनिटात सबंध वर्गाला कळते की कोण ‘त्यांच्यात’ला आहे. वक्तृत्वाचा डबा याच बोटांनी जिंकलेला असू शकतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत, 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने राखलेल्या पंचवीस टक्के जागांवर आलेल्या मुलांसाठी ‘आरटीईवाले’ ही सुटसुटीत संज्ञा रूढ आहे. मुलांचा मानसिक छळ करण्यास मनाई करणारे 17 वे कलम त्याच कायद्यात आहे. ते पाठ करण्याची स्पर्धा अद्याप कुठे ऐकिवात नाही.

या विषयात मुले नापास व्हावीत, अशी कोणा पालकांची इच्छा असल्यास ते अवघड नाही. कपाचा प्रश्न आला की उत्तर द्यावे. "कारण आपण चुकीचं वागत होतो" हे वाक्य मराठीत बोलता येते, फारसे वापरात नाही इतकेच. पाठोपाठ मावशींना घरातल्याच कपात चहा द्यावा. मूल व्याख्यान विसरते, कप विसरत नाही. कोणी जातीवरून चिडवले म्हणून मूल रडत आले, तर "तू काय केलं होतंस?" आणि "दुर्लक्ष कर" या दोन ठेवणीतल्या वाक्यांना सुट्टी द्यावी. पहिल्या वाक्याने मूल आरोपी ठरते, दुसऱ्याने एकटे पडते. काय घडले, कोण काय म्हणाले, कोणी ऐकले, हे तारखेसह लिहून मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यावे. चिडवणारे मूल आपलेच निघाले, तर ते हा शब्द कुठे शिकले याचा शोध घरापासून सुरू करावा. लांब जावे लागत नाही. तिसरे मूल असते ते नुसते हसणारे. त्याला भाषण शिकवण्याची गरज नाही. न हसणे आणि मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्या मुलीशेजारी जाऊन बसणे त्याला सहज जमते.

मुलांना हे कळायचे वय नसते, अशी एक समजूत आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध लिहिला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती; तो 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्यांना वेद वाचण्याची बंदी आहे त्यांचा धर्म कोणता, असे तिने त्यात थेट विचारले होते. "असं विचारू नये" असे तिला तिच्या शाळेत सांगितले गेले नव्हते.

उरला वर्गातला हात. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, समिती नेमावी लागत नाही. शिष्यवृत्तीची माहिती वर्गातल्या सगळ्याच मुलांच्या घरी बंद पाकिटातून पाठवता येते, आणि दाखले पालकांकडून कार्यालयात घेता येतात. पाकीट एक-दोन रुपयांना मिळते.