पहिल्या पानाची पागडी

सर्च इंजिनचा धंदा मुळात जागेचा आहे. विकायची जागा फार थोडी, म्हणजे पहिले पान, आणि त्यातही वरच्या चार ओळी. दुसऱ्या पानाला जागा म्हणण्याचा प्रघात नाही. प्रेत लपवायला गूगलच्या दुसऱ्या पानाइतके निर्धोक ठिकाण नाही, असा त्या धंद्यातलाच एक जुना विनोद आहे.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना एक शोधनिबंध लिहिला. जाहिरातींवर पोसलेले सर्च इंजिन शोधणाऱ्यापेक्षा जाहिरातदाराकडे झुकणारच, असे त्यात बजावले होते. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्याच गूगलने साडेतीनशे जाहिरातदारांना घेऊन ‘अ‍ॅडवर्ड्स’ सुरू केले. कॉलेजात हुंड्याविरुद्धची वक्तृत्वस्पर्धा गाजवलेल्या मुलांची लग्ने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे फारसे नवल वाटत नाही.

लिलावाची कल्पना मात्र त्यांची नव्हे. बिल ग्रॉस यांनी १९९८ मध्येच ‘गोटू डॉट कॉम’वर शब्दांचा लिलाव मांडला होता. जो एका क्लिकमागे जास्त पैसे देईल तो वर, आणि कोणी किती दिले तेही त्याच्या नावापुढे छापलेले. इतका उघड व्यवहार पाहून लोक हसले. पुढे हीच कंपनी ‘ओव्हरचर’ झाली आणि २००३ मध्ये याहूने ती सुमारे १.६ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा हसणे थांबले.

गूगलने या लिलावाला पडदा लावला. नुसती मोठी बोली पुरत नाही. जाहिरातीवर किती जण क्लिक करतील याचा अंदाजही हिशेबात धरतात. वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेटीचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरवण्याची रीत होती. दलाल आणि खरेदीदार दोघांनाच तो कळे, भोवतालचे लोक रुमालाकडे बघत बसत. गूगलच्या रुमालाखाली दलालाला सगळ्यांची बोटे ठाऊक असतात, खरेदीदाराला फक्त स्वतःची. शिवाय हा लिलाव शोधागणिक, पान उघडायच्या आत उरकतो. वाशीला निदान चहा तरी होत असे.

ज्यांना बोली परवडत नाही ते ‘ऑरगॅनिक’ मार्गाने वर चढतात. भाजीप्रमाणे इथेही या शब्दाने किंमत वाढते. मूळ पद्धत साधी होती: एका साइटने दुसरीचा दुवा दिला की ते एक मत धरायचे, आणि वजनदार साइटचे मत जास्त मोलाचे. मतांना किंमत आली की मते विकत मिळू लागतात, हे कळायला स्टॅनफर्डला जावे लागत नाही. दुव्यांचे ठेकेदार निघाले. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत ‘स्वस्त हॉटेल’ शंभरदा लिहून ठेवणारे निघाले. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसते. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट केवळ यंत्रासाठी वेगळी पाने ठेवते म्हणून गूगलने यादीतूनच काढून टाकली, आणि ती पाने हटवल्यावर परत घेतली. २०११ मध्ये भुसकट मजकूर झाडून काढणारा गूगलचा ‘पांडा’ हा फेरबदल आला. त्याचे नाव प्राण्यावरून नाही, नवनीत पांडा या इंजिनिअरवरून पडले.

भुसकट गेले, पाल्हाळ राहिले. आषाढी एकादशीच्या सकाळी हिंजवडीतल्या भाड्याच्या खोलीत एका पोराच्या कढईत साबुदाण्याचा गोळा झालेला असतो. ‘साबुदाणा चिकट झाला’ असे तो रोमन लिपीत टाइप करतो. पहिले पान उघडते. साबुदाणा म्हणजे काय, तो कशापासून करतात, उपवासाचे महत्त्व, लेखिकेच्या आजीचे कोकणातले घर. मजकूर लांबला की पान वर चढते अशी लिहिणाऱ्यांची श्रद्धा असते, आणि लांब मजकुरात जाहिराती जास्त बसतात हे तर गणितच आहे. आजीच्या ओसरीवर नॉनस्टिक कढईची जाहिरात, विहिरीपाशी चिकन बिर्याणीची. अंगठा दुखेपर्यंत सरकवल्यावर तळाशी उत्तर मिळते: साबुदाणा आदल्या रात्री कमी पाण्यात भिजवावा.

आता उत्तर वरच मिळते. मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत एआयची तयार उत्तरे पानाच्या माथ्यावर बसवली. पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालावा, असा सल्ला त्यातल्या एका उत्तराने दिला. कोणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी थट्टेत लिहिलेले यंत्राने मनावर घेतले होते. डिंकाचे लाडू खाणाऱ्या घरांत मात्र एवढा गहजब झाला नसता.

शोधून झाले की खरेदी. तुळशीबागेत भाव न पटल्यास चार पावले पुढे जायचे असते; पाचव्याला मागून ‘ओ ताई, बोला ना शेवटचं’ येते. ऑनलाइन दुकानात वस्तू टोपलीत टाकून अ‍ॅप बंद केले की हीच हाक दुसऱ्या दिवशी सवलतीच्या कूपनाच्या रूपाने येते. फरक खरेदीनंतरचा आहे. तुळशीबागेतून कुकर घेतलेल्या बाईच्या मागे कुकरवाला महिनाभर कुकर घेऊन फिरत नाही.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन दुकानांच्या लबाड्यांवर बंदी घातली आणि त्यांचे तेरा प्रकार नेमून दिले. खोटी निकड म्हणजे ‘फक्त २ उरले’. टोपलीत न विचारता विमा किंवा देणगी सरकवणे हा दुसरा. नकाराच्या बटणावर ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असे लिहून ग्राहकाला ओशाळवणे हाही त्यात आहे. हा प्रकार लक्ष्मी रोडवर बटणाशिवाय चालत आला आहे, पण नियम ऑनलाइनपुरता आहे.

पहिल्या पानाच्या या सगळ्या जागेचा मालक स्वतः मात्र भाडेकरू आहे. फोन आणि ब्राउझर उघडताच समोर आपलाच शोधचौकोन दिसावा, यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात अ‍ॅपल, सॅमसंग वगैरेंना २६ अब्ज डॉलरहून जास्त मोजले. मुंबईत याला पागडी म्हणतात. हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने आपली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. उपाय काय, हे सप्टेंबर २०२५ मध्ये ठरले. गाळा एकट्यालाच मिळावा असा करार गूगलला यापुढे करता येणार नाही. पागडी देता येईल.