सकाळी सुटणारी नदी

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या चारही भागांतून मिळून एकसुद्धा नदी वाहत नाही. त्यामुळे संथ नदीत होडी सोडून, गळ टाकून, दिवसभर वाहत जाण्याची सहल आखताना येथील रहिवाशाला पहिले काम असते ते नदी मिळवण्याचे. सर्वांत जवळची मिठी. ती विहार-पवईच्या तलावांच्या सांडव्यापाशी सुरू होते आणि सुमारे 18 किलोमीटरांनी माहीमच्या खाडीला मिळते, म्हणजे दादरहून पायी गाठता येते. पण संथपणालाही काही मर्यादा असावी. मिठीत घातलेले वल्हे पुन्हा बाहेर निघेल याची हमी कोणी देत नाही. पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद गळ टाकून बसतात. मात्र तलाव कोठे वाहत जात नाही, आणि त्यातल्या मगरी सभासद नसूनही मासे धरतात.

मग नकाशावरचे बोट घाटाच्या पायथ्याकडे सरकते. तेथे एका दिवसात जाऊन येण्याजोग्या तीन नद्या हाती लागतात: पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका. पावसाळा सरला की कोकणातल्या बहुतेक नद्या दगडगोट्यांवर येतात. या तिघींचे तसे होत नाही, कारण त्यांना टाटांच्या वीजघरांतले पाणी मिळते. खोपोलीचे (1915) पाताळगंगेला, भिवपुरीचे (1922) उल्हासला आणि भिऱ्याचे (1927) कुंडलिकेला. घाटमाथ्यावर धरणात अडवलेले पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचे, त्यावर जनित्रे फिरवायची आणि काम झालेले पाणी खालच्या नदीच्या स्वाधीन करायचे, अशी ही व्यवस्था आहे. ही वीज सुरुवातीला हवी होती ती मुख्यतः कापडगिरण्यांना. तोवर त्या कोळसा जाळून वाफेवर चालत. तेव्हा गिरणगावातला माणूस निसर्गाच्या सान्निध्यात म्हणून कुंडलिकेकाठच्या कोलाडला जातो, तो वस्तुतः आजोबांच्या गिरणीने वापरून सोडलेले पाणी पाहायला जातो.

भिऱ्याचे पाणी मुळशी धरणाचे. मुळेचे पाणी एरवी भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला गेले असते. ते पश्चिमेला वळवल्यामुळे रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. या धरणाखाली ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्या मावळ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह सुरू केला, आणि त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट तेव्हापासून सेनापती बापट झाले. दादर-परळमधून जाणाऱ्या तुळशी पाइप रोडला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. त्याच रस्त्यावर फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे, आणि बेट मुंबईला वीज पुरवणारी बेस्ट ती वर्षानुवर्षे टाटांकडून विकत घेत आली आहे. सहलीची पहिली बैठक, गारवा फुकट मिळतो म्हणून, पुष्कळदा याच मॉलमध्ये होते. ही सगळी संगती उलगडून सांगणारा एखादा निवृत्त शिक्षक बैठकीला असतोच. त्याला पुढच्या बैठकीचा निरोप जात नाही.

या इतिहासाचा व्यावहारिक परिणाम असा की कुंडलिका सकाळी सुटते. वीजघर चालू झाले की पाणी चढते, बंद झाले की उतरते. कोलाडचे राफ्टिंग त्यामुळेच सकाळी उरकून घेतात. इतर ठिकाणचे लोक अशा नदीला नावे ठेवतील, पण मुंबईकराला वेळापत्रक असलेली नदी लगेच आपली वाटते. ‘सकाळचं पाणी चुकलं तर पुढचं कितीला?’ हे तो होडीवाल्याला तिकीट खिडकीवर विचारावे तितक्या सहज विचारतो.

वरच्या टप्प्यातले खळाळते पाणी राफ्टवाल्यांचे. वाहत जाणाऱ्यांना हवे असते ते खालचे, डोलवहाळच्या बंधाऱ्यामागे तुंबून शांत झालेले. रोह्याकडे वाहत जाण्याचा मोह टाळावा. वाटेत एका बाजूला धाटावची औद्योगिक वसाहत लागते, आणि पुढे भरती-ओहोटीचा अंमलही सुरू होतो. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी वर चढते, आणि नुसते वाहत जायचे असे ठरवून निघालेली मंडळी निघाली होती त्या दिशेने परत येऊ लागतात. वल्हे मारायचे नाही हा सहलीचा मूळ ठराव असल्यामुळे यावर उपाय नसतो.

नदी ठरली की तारीख. हे प्रकरण नदीपेक्षा खोल आहे. उन्हाळ्याचे महिने उन्हाचे आणि पावसाळ्याचे पुराचे म्हणून बाद. श्रावणात मासा वर्ज्य. भाद्रपद गणपतीचा: गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 पासून आणि लालबागच्या राजाकडे 1934 पासून उत्सव चालू आहे, त्यामुळे पाद्यपूजनापासून विसर्जनापर्यंत लालबागच्या सभासदापुढे दुसऱ्या कोणत्याही पाण्याचा विषय काढू नये. पुढे पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, तुळशीचे लग्न आणि मार्गशीर्षाचे गुरुवार. वर्ष असे उपसत गेल्यावर तळाशी पौष आणि माघ उरतात. पौषात शुभकार्य करीत नाहीत, पण मासे धरणे हे शुभकार्य नव्हे, यावर सर्वांचे एकमत होते. या सहलीच्या इतिहासातले हे पहिले एकमत, बहुधा शेवटचेही.

त्यातही वार पाहावा लागतो. सोमवार शंकराचा, मंगळवार सिद्धिविनायकाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासे खाण्याचे वार, त्यांपैकी सुटीचा एकच. जानेवारीतला तिसरा रविवार मुंबई मॅरेथॉनचा, रस्ते बंद; एखादा रविवार संकष्टीचा; एखादा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा. संकष्टीला मासा धरला आणि खाल्ला नाही तर चालते का, यावर दोन पक्ष पडतात. धरण्यात पाप नाही, खाण्यात आहे, असे दादरचा पक्ष म्हणतो. लालबागचा पक्ष म्हणतो की धरून न खाणे हेच मोठे पाप. माशाचे मत या प्रकरणात घेतले जात नाही.

सभासदसंख्येचा नियम साधा आहे: कनू दोघांची, फार तर तिघांची; मंडळी अकरा. कनू म्हणजे उघडी, दोन्ही टोकांना निमुळती होडी, ती एका पात्याच्या वल्ह्याने चालवतात. कयाक वरून झाकलेली असते आणि तिच्या वल्ह्याला दोन्हीकडे पाती असतात. कोकणच्या किनाऱ्यावर अरुंद होडीचा तोल राहावा म्हणून तिच्या बाजूला लाकडी उलांडी बांधतात. कनूला उलांडी नसते. तोल सांभाळण्याचे काम आत बसलेल्यांनी करायचे असते. दोघांपैकी एक शंभर किलोंचा आणि एक पन्नासचा असेल तर हलका माणूस पाण्यापासून बराच उंचावर बसतो आणि त्याला वल्हे पाण्यापर्यंत पोचवता येत नाही. म्हणून जोड्या वजनावरून लावाव्यात असे तज्ज्ञ सांगतात. गिरगावात त्या मानापमानावरून लावतात. लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालणे आवश्यक आहे. फोटोत पोट दिसते म्हणून ते सोडून ठेवणाऱ्यास होडीवाल्याने काठावरच उतरवावे.

प्रवासाच्या सोयीबद्दल थोडक्यात. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि कोलाड हे तिचे रोह्यानंतरचे पहिलेच स्थानक. 1999 पासून येथून मालाने भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून गोव्याकडे पाठवतात. ट्रक गाडीत बसून जातो आणि आपण मात्र गाडी चालवत यायचे, हे वडखळच्या रांगेत उभ्या असलेल्या मुंबईकराला विशेष टोचते. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाबद्दल लिहिणे हा वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे या क्रमाने गावे येतात आणि प्रत्येक गावी कोणाला तरी चहा हवा असतो. सकाळच्या पाण्याला पोचायचे तर परळहून पहाटे चारला निघावे. चारला निघायचे ठरले की साडेपाचला निघता येते.

खरी मेख पुढेच आहे आणि ती नवख्यांच्या लक्षात येत नाही. वाहत जाण्याची सहल एकाच दिशेची असते. होडीत बसायचे वर, उतरायचे खाली. गाडी राहते वर. तेव्हा एक गाडी आधी खाली नेऊन ठेवावी, दुसरीने सर्वांनी वर यावे, वाहत खाली जावे आणि मग खालच्या गाडीने वर जाऊन दुसरी आणावी, अशी रीत आहे. ही रीत कागदावर बाण काढून समजावून सांगताना दोन गाड्यांच्या तीन गाड्या होतात, आणि शेवटी दोन्ही किल्ल्या वरच्या गाडीत राहतात. पर्याय म्हणून एका सभासदाने वाहूच नये, गाडी घेऊन खाली यावे, असे सुचवले जाते. त्यासाठी ज्याच्याकडे सगळे पाहतात त्याची सासुरवाडी नेमकी त्याच दिवशी डोंबिवलीला निघते.

आता आमिष. गोड्या पाण्यातल्या माशाला गांडूळ उत्तम. गांडुळाला माती लागते, आणि गिरगावात माती तुळशीच्या कुंडीत सापडते, जिच्यात बोट घालण्याची परवानगी घरातून मिळत नाही. शिवाजी पार्कात माती पुष्कळ आहे, पण ती हवेत असते. रोपवाटिकेत पिशवी भरून गांडूळखत मिळते. त्यातून गांडुळे निवडण्याचे काम सोसायटीच्या जिन्यात करू नये. कणकेचा गोळाही चालतो. सर्वांत खात्रीचे आमिष करंदी, आणि अडचणही तिचीच सर्वांत मोठी. बाजारातून ताजी करंदी आणून ती माशाला घालायची, ही कल्पनाच मध्य मुंबईतल्या स्वयंपाकघरात कोणाला पटत नाही. मासा मिळेल की नाही हे अनिश्चित, आणि करंदी तर समोर आहे. अशा परिस्थितीत तिची आमसुले घालून सुकी भाजी होते, डब्यात भरली जाते आणि कोलाडला पोचण्यापूर्वी नागोठण्याला संपते. गळ, दोरा आणि फिरकी क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मिळतात. दुकानदार प्रथम ‘काय धरणार?’ असे विचारतो, आणि याचे उत्तर तयार नसल्यास खोल समुद्रातल्या माशाचा गळ गळ्यात पडतो.

काय धरायचे हे ठरवताना स्थानिक जाणकाराला विचारावे. रायगड जिल्ह्यात मानाचा मासा जिताडा; खाडी आणि नदी दोन्हींत फिरणारा, जावयाच्या ताटात पडणारा. तो गळाला लागल्याच्या कथा ऐकायला मिळतात. पावसाच्या पहिल्या पाण्याला प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे सुगीचे, पण तो हंगाम सहलीच्या तारखेत बसत नाही. शिंगटी आणि मरळ मिळण्याचा संभव अधिक. शिंगटीच्या काट्यापासून हात जपावा. एक ताकीद मात्र गंभीरपणे द्यावी लागते. महाडजवळ वाळणकोंडीला आणि वाड्याजवळ तिळसेश्वराला देवाचे मासे आहेत. ते कुरमुरे खायला हाताशी येतात आणि त्यांना कोणी धरत नाही. ‘तिकडे गळही लागणार नाही, नुसती पिशवी पुरे,’ असे म्हणणारा सभासद प्रत्येक मंडळात एक असतो. त्याला घरी ठेवावे.

प्रत्यक्ष पाण्यावरची कामे थोडी आहेत. वाहत जाण्याचे शिक्षण मुंबईकराला वेगळे द्यावे लागत नाही. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला त्याने पाय न हलवता फलाट बदललेला असतो. अवघड जाते ते गप्प बसणे. माशाला बाहेरून कान दिसत नसले तरी त्याला ऐकू येते, शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या पार्श्वरेषेमुळे पाण्यातला बारीकसा थरकापही कळतो. होडीच्या तळावर टाच आपटली तरी तो दूर जातो. अकरा जणांनी, चार होड्यांतून, एकमेकांच्या होडीतले लोक काय खात आहेत याची ओरडून चौकशी केली तर मासा रोह्याला पोचतो. तासभर शांतता पाळण्याचा ठराव मांडावा. तो मोठ्या आवाजात, अनुमोदनासह संमत होतो. नदीचा वेग ताशी तीन-चार किलोमीटर धरावा, जेवणाचा वेळ वेगळा काढावा. दुपारी वीजघर बंद झाले आणि पाणी उतरू लागले, तर होडी गोट्यांवर टेकण्यापूर्वी काठाला लागावे. न लागल्यास उतरून होडी ओढावी. हा भाग माहितीपत्रकात नसतो.

परतीच्या वाटेवर मासे विकत घ्यायचे असल्यास कोलाड नाक्यावरच घ्यावेत आणि गळाने धरले असे सांगायचे असल्यास ते साफ करून घेऊ नयेत. हिशेब गाडीतच पुरा करावा, घरी पोचल्यावर वसुली होत नाही. होडी, डिझेल, टोल आणि चहा समान वाटतात. आमिषाचा खर्च करंदी ज्यांनी खाल्ली त्यांच्याकडून घ्यावा, असा संकेत आहे, आणि नागोठण्याला झोपलो होतो असे सगळेच सांगतात. गळाची काठी सहा फुटी. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या भरलेल्या खोलीत ती फक्त तिरकी मावते, तीही दार उघडे असेल तर. म्हणून ती खिडकीबाहेर आडवी टांगतात, आणि आठवड्याभरात तिच्यावर धोतर वाळत घातले गेले म्हणून वरच्या मजल्याशी वाद होतो. पुनर्विकासात मिळणाऱ्या 500 चौरस फुटांच्या घरात ती भिंतीला उभी राहते. धोतर कोठे वाळवावे हा प्रश्न मात्र तेथेही उरतो, आणि काठी पुन्हा मागितली जाते.