जास्वंदीची भावकी

बुलढाणा जिल्ह्यात अंगणातलं फुलझाड फार दिवस नुसतं छंदाचं राहत नाही. पहिली कळी गळाली की त्याची शेती होते. इथे माणूस मास्तर असो, तलाठी असो की मेडिकलवाला, त्याचे दोन-चार एकर कुठे तरी असतातच. स्वतःचे नसले तर सासऱ्याचे असतात. त्यामुळे फाटकावर हात टेकून उभा राहणारा प्रत्येक जण तुमच्या झाडाकडे पीक म्हणूनच बघतो.

त्यातून जास्वंद लावली असेल तर विचारायलाच नको. जास्वंद ही कपाशीची चुलतबहीण. भेंडी आणि अंबाडीही त्याच कुळातल्या. खात्री करायची तर चौघींची फुलं शेजारी ठेवून बघावीत: त्याच पाच पाकळ्या, मधोमध तीच दांडी आणि दांडीला बिलगलेले पुंकेसर. जास्वंदीनं दांडी जरा मिरवायला बाहेर काढली, एवढंच. ज्या मुलखात निव्वळ कापसापायी 1870 साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तिथे कपाशीच्या बहिणीला वैद्यांची वानवा कशी असेल?

आमचे मामेसासरे घाटाखालचे, नांदुऱ्याकडचे. मे महिन्यात तिकडे पारा 45 अंशांकडे सरकू लागला की राजूर घाट चढून आमच्याकडे हवा खायला येतात. चपला काढायच्या आधी जास्वंदीपाशी थांबतात. खाली पडलेली मिटली कळी उचलून, देठ नखानं खरवडून निकाल देतात, “जावईबापू, हे पातेगळ हाय.”

पातेगळ म्हणजे कपाशीची फुलायच्या आधीच झडणारी पाती. मामांचं निदान चुकलेलं नसतं. आपली काळी माती मोठी लहरी. उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा पडतात, बादलीभर पाणी ओतलं तरी भेगेतून खाली पसार होतं आणि मुळं कोरडीच. पावसाळ्यात तीच माती पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात. एक दिवस दुष्काळ, एक दिवस पूर, असं झालं की जास्वंद कळ्यांवर राग काढते. म्हणून मातीत मुरूम आणि शेणखत मिसळावं, आळं थोडं उंचावर घ्यावं, बुडाशी पालापाचोळा पसरावा. नळ रोज येत नसला तरी तांदूळ धुतलेलं पाणी रोज असतंच.

पानं पिवळी पडली की मात्र मामा कपाशीचा “लाल्या” रोग म्हणून मोकळे होतात, आणि तिथे माझं-त्यांचं पटत नाही. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही लोहाची ओरड. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. मामा दुपारी आडवे झाले की मी चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून पानांवर फवारतो. संध्याकाळी ते सांगतात, “पाहा, थोडी हवा बदलली तं कसं झाड सुधरलं.”

खरी कसोटी पिठ्या ढेकणाची. शेंड्याच्या बेचक्यात आधी कुणी चिमटीभर कणीक सांडल्यासारखं दिसतं. बोट लावावं तर कणीक हलते. 2006-07 च्या सुमारास देशभरातल्या कपाशीला ज्यानं घाम फोडला, तोच हा पाहुणा, आणि भावकीचं घर म्हणून जास्वंदीकडे हक्कानं मुक्काम करतो. त्याच्या अंगातून चिकट गोड रस निघतो, त्यासाठी मुंग्यांची खोडावरून रांग लागते. त्या रसाच्या बदल्यात मुंग्या त्याची राखण करतात. मामा पंपाला हात घालतात, मी आडवा येतो. ही फुलं देवाला जातात आणि नातवंडं त्यांचा देठ चोखतात. मग तह होतो: बिघडलेले शेंडे छाटून पिशवीत बांधायचे, नळीच्या जोरदार धारेनं झाड धुवायचं, मग पाच टक्के निंबोळी अर्क. तहाच्या अटी ढेकूणही बऱ्यापैकी पाळतो.

मोगऱ्याच्या बाबतीत मात्र मी मामांचा शिष्य. पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातातला पाइपच काढून घेतला होता. “थंडीत त्याले पाणी कायले देता? ताण द्या, ताण!” संग्रामपूर-जळगाव जामोदकडची संत्र्याची विद्या ही: बागेला तहानेनं वाळवायचं, मग पाणी सोडायचं, की बहार फुटतो. मोगऱ्याला हिवाळ्यात ताण, जानेवारीअखेर छाटणी, मग खत आणि पाणी. मार्चअखेर ओंजळी भरतात. बोगनवेल तर अगदीच वरताण. लाड केले की नुसती पानं, दुर्लक्ष केलं की रंगाचा कहर. (तो रंगही पाकळ्यांचा नव्हे, पानांचा. असो, कौतुक कमी होत नाही.)

समोर राहतात ते दादा चिखलीकडचे, सोयाबीनवाले. जास्वंदीशी त्यांचं काही नातं नाही, म्हणून ते एकच प्रश्न विचारतात, “उतारा काय मिळतो?” उत्तर द्यायला मी कचरतो, कारण आमचा उतारा पहाटे साडेपाचला परस्पर उचलला जातो. तोडणी करणाऱ्या काकू शेवटच्या गल्लीतल्या. फांदी वाकवायची काठी त्यांची स्वतःची, पिशवीही स्वतःची. गणपतीला लाल, देवीला लाल, गुरुवारी गजानन महाराजांना जे असेल ते. एकदा मी जरा लवकर उठलो आणि समोरासमोर आलो. काकू मुळीच दचकल्या नाहीत. पिशवी उघडून दाखवत म्हणाल्या, “भाऊ, या वर्षी कळी बारीकच हाय तुमची. खत-बित टाकत जा ना वेळेवर.”